समीक्षकांनी झोडपलेला सिनेमा आणि माझं रडू

प्रश्न : ताई, माझं वय 41. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बाहेर जाणारी ड्रॉइंग्ज तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. हाताखाली सहा जण. सहा वर्षांत माझ्या सहीनं गेलेल्या एकाही शीटमध्ये साइटवर चूक निघालेली नाही. मागच्या महिन्यात रात्री झोप येईना म्हणून ब्रॅडली कूपरचा ‘बर्न्ट’ लावला, शेफवरचा. त्याचा प्रतिस्पर्धी सकाळी त्याच्यासमोर नाश्ता ठेवतो, तिथे जे रडू सुरू झालं ते थांबेना. नवऱ्याला जाग आली. दुसऱ्या दिवशी परीक्षणं वाचली, तर सगळ्यांनी सिनेमा झोडपलेला. मैत्रिणीला सांगितलं, तर म्हणाली, ‘तो? अगं, किती ठरावीक आहे तो!’ तेव्हापासून लाज वाटते आहे. कामात इतकी काटेकोर असलेल्या मला साधं बरंवाईट कळू नये? की माझं रडूच खोटं होतं?
आणखी एक. चार महिन्यांपूर्वी टीममधली एक हुशार मुलगी सोडून गेली. जाताना मेलमध्ये लिहिलं, ‘तुमच्या चपलांचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो.’ तिच्या सगळ्या, 64 शीट्स मी नंतर रात्री थांबून एकटीनं पुन्हा काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचे दुपारी एकत्र जेवतात, मी माझ्या टेबलावरच डबा उघडते. नाव छापू नका.

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचलं, आणि काल रात्री ‘बर्न्ट’ पुन्हा पाहिला. एकदा पूर्वी पाहिला होता, पण मन लावून नाही. या वेळी तुमचं पत्र शेजारी ठेवून पाहिला.

‘आणखी एक’ म्हणून तुम्ही शेवटी जे जोडलं आहे, खरं पत्र तेच आहे असं मला वाटतं. तरी आधी सिनेमाबद्दल बोलते, कारण ती लाजही खरी आहे आणि ती आधी बाजूला करायला हवी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘बर्न्ट’ 2015 सालचा. ॲडम जोन्स हा पॅरिसमध्ये नाव कमावलेला शेफ, मिशेलिन ही मार्गदर्शिका उत्तम उपाहारगृहांना देते ते दोन तारे मिळवलेला. दारू, ड्रग्ज आणि संताप यांच्या पायी सगळं उधळून तो न्यू ऑर्लिन्सला जातो. तिथून लंडनला येऊन एका हॉटेलचं स्वयंपाकघर हातात घेतो. आता त्याला तिसरा तारा हवा आहे. वाटेत तो ताटल्या फोडतो, माणसांवर ओरडतो, मासा नीट शिजला नाही म्हणून हेलेन या शेफची गचांडी धरतो. मग कोसळतो, आणि मग थोडा माणसात येतो.

समीक्षकांना तो आवडला नाही हे खरं आहे. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर त्याला मिळालेला कौल 30 टक्क्यांच्याही खाली आहे. पण हा आकडा म्हणजे शंभरपैकी गुण नव्हेत. शंभर परीक्षणांपैकी किती अनुकूल होती, एवढंच तो सांगतो. म्हणजे चारांत साधारण एका समीक्षकाला तो बरा वाटला होता. हे मी तुमचं समाधान करण्यासाठी सांगत नाही. तुम्ही मोजमाप तपासणाऱ्या आहात, म्हणून पट्टी कशाची आहे ते आधी पाहावं, एवढंच.

माझ्या मते समीक्षक बऱ्याच अंशी बरोबर होते. गोष्ट ठरावीक वळणांनी जाते. बाकीची पात्रं ॲडमला सावरण्यापुरतीच येतात. त्याच्या रागाला सिनेमा फार लवकर माफ करतो. पण परीक्षण सिनेमा कसा बांधला आहे ते सांगतं. तुम्ही रडलात, ते तुमच्या आत काय चाललं आहे ते सांगतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वीट कच्ची असली तरी पायाला ठेच लागायची ती लागतेच, आणि दुखणं पायाचंच असतं. तेव्हा रडू खोटं नव्हतं, आणि तुम्हाला बरंवाईट कळत नाही असंही काही सिद्ध होत नाही.

उलट ‘सिनेमा चांगला होता का’ हा प्रश्न सोडून ‘नेमकी कुठे रडले’ हे विचारा. ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. ॲडमच्या विजयाच्या क्षणी तुम्ही रडला नाहीत. नाश्त्याच्या प्रसंगाला रडलात.

तो प्रसंग आठवा. मिशेलिनचे परीक्षक आले आहेत असं समजून सगळं स्वयंपाकघर श्वास रोखून काम करतं, आणि मिशेल हा त्याचा जुना सहकारी मुद्दाम सॉसमध्ये तिखट ओततो. पॅरिसमध्ये ॲडमनं त्याचं केलेलं नुकसान त्यानं इतकी वर्षं मनात धरलेलं असतं. पदार्थ परत येतात. सगळं संपलं असं वाटून ॲडम पिऊन तर्र होतो, प्रतिस्पर्धी रीसच्या स्वयंपाकघरात शिरतो आणि तिथे स्वतःच्या जिवावर उठतो. ज्याला तो कायम हिणवत आला तो रीसच त्याला सावरतो, आणि सकाळी त्याच्यासाठी नाश्ता बनवतो. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक ताटलीतली खोट काढली, तो सकाळच्या उजेडात सुजल्या डोळ्यांनी बसला आहे, कुठल्याच गुणाला पात्र नाही, आणि तरी त्याच्यासमोर गरम अन्न येतं. कुणी काही तपासत नाही.

तुम्हाला असं कुणी शेवटचं कधी वाढलं होतं, हा प्रश्न मी पत्र बाजूला ठेवल्यावरही मनातून काढू शकले नाही. ‘सहा वर्षांत एकही चूक नाही’ असं लिहिणाऱ्या बाईला, चूक झाल्यावरही आपल्याला कुणी जवळ करेल याचा अनुभव घ्यायची संधीच मिळालेली नसते.

आता त्या 64 शीट्सकडे येते. सिनेमाच्या सुरुवातीला ॲडम न्यू ऑर्लिन्समध्ये कालवं सोलत असतो. दहा लाख कालवं सोलायची, ही त्यानं स्वतःला दिलेली शिक्षा. रोजचा आकडा तो वहीत लिहितो. दहा लाखावं कालव सोलून झालं की वहीत नोंद करतो आणि हातातलं काम तसंच टाकून निघून जातो, हिशोब चुकता झाल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. काल रात्री मात्र दिसलं की त्या दहा लाखांतलं एकही कालव ज्यांना त्यानं दुखावलं त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. मिशेलला पॅरिसमध्ये जे सोसावं लागलं, त्याचं न्यू ऑर्लिन्समधल्या वहीशी काय देणंघेणं? म्हणूनच सॉसमध्ये तिखट पडतं. प्रायश्चित्तसुद्धा ॲडमनं नेमकं, मोजून, एकट्यानं केलं आणि ते बिनचूक झालं म्हणून समाधान मानलं.

तुमच्या 64 शीट्स मला तशाच वाटतात. रात्री एकटीनं बसून तुम्ही तिची प्रत्येक रेघ पुन्हा ओढलीत. कदाचित तुमच्या मनात ती शिक्षा होती. पण उद्या तिच्या कानावर हे गेलं तर तिला काय कळेल? तिचं सगळं काम पुसून पुन्हा करावं लागलं, हेच. मला माहीत आहे की तुम्हाला असं म्हणायचं नव्हतं. पण कागदावर तेच उमटलं आहे.

परिपूर्णतेच्या हट्टावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या दोघांनी 1991 मध्ये त्याची तीन अंगं मांडली, आणि ती आजही वापरली जातात. पहिलं, माणूस स्वतःकडून निर्दोषपणा मागतो. दुसरं, तो इतरांकडून मागतो. तिसरं, जग आपल्याकडून तो मागतं आहे आणि आपण कमी पडलो तर जग आपल्याला टाकून देईल, असं त्याला वाटत राहतं. तुमच्या एका पत्रात तिन्ही आहेत. 64 शीट्स हे पहिलं. ती मुलगी हे दुसरं. आणि स्वतःच्या अंथरुणात, रात्री, कुणी पाहत नसताना आलेलं रडू बरोबर होतं का हे दुसऱ्या दिवशी समीक्षकांना विचारायला जाणं, हे तिसरं. तुम्ही एकट्या नाही आहात. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. तिन्ही अंगं वाढलेली दिसली, आणि सगळ्यात जास्त वाढ या तिसऱ्यात होती, 33 टक्के.

मला हे तिसरं अंगच सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यात पट्टी दुसऱ्याच्या हातात असते. मिशेलिनचंच बघा. ही गाडीचे टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. गाडीवाल्यांच्या सोयीसाठी तिनं 1900 मध्ये एक मार्गदर्शिका काढली. 1926 पासून त्यात चांगल्या उपाहारगृहांना तारा मिळू लागला, आणि 1931 मध्ये दोन आणि तीन ताऱ्यांची पायरी आली. तीन ताऱ्यांचा अर्थ एवढाच की केवळ तिथे जेवायला म्हणून मुद्दाम प्रवास करावा. प्रवाशांसाठी असलेली खूण माणसांच्या जिवाचं माप होऊन बसली. तीन तारे मिळवलेले ब्रिटिश शेफ मार्को पिअर व्हाइट यांनी 1999 मध्ये ते परत केले. आपल्याहून कमी जाणणाऱ्यांनी आपल्याला जोखावं, हे त्यांना पटेनासं झालं होतं. फ्रान्सच्या सेबास्तियाँ ब्रा यांनी 2017 मध्ये विनंती केली की मला या यादीतून वगळा, रोज कुणीतरी तपासायला येईल या ओझ्याखाली मला स्वयंपाक करायचा नाही. 2018 च्या आवृत्तीत त्यांचं नाव वगळलं. 2019 मध्ये पुन्हा घातलं, न विचारता, दोन तारे देऊन. पट्टी दुसऱ्याच्या हातात असली की खेळातून बाहेर पडणंही आपल्या हातात राहत नाही.

‘सहा वर्षांत एकही चूक नाही’ हा तुमचा तिसरा तारा आहे. तो खोटा नाही, आणि त्याचा अभिमान सोडा असं मी म्हणणार नाही. ड्रॉइंगमध्ये एक माप चुकलं की साइटवर उभी झालेली भिंत पाडावी लागते, पैसा जातो, कधी माणसाच्या जिवावर बेततं. काटेकोर माणूस असायलाच हवा. तेव्हा ‘जरा सैल व्हा’ हा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. तुमची नजर तशीच ठेवा. मला बोलायचं आहे ते तुमच्या लाल पेनाबद्दल, आणि ते पेन हातात असताना तुमचा चेहरा कसा असतो त्याबद्दल.

इथे मला माझं एक सांगायचं आहे. खूप वर्षांपूर्वी मी एका साप्ताहिकात डेस्क सांभाळत होते. एका शिकाऊ मुलानं लेख आणून दिला. त्यात एक वाक्य फारच फसलं होतं. मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर त्यानं कधीही माझ्या टेबलावर मजकूर ठेवला नाही. मी जेवायला गेले की शेजारच्या टेबलावर ठेवायचा. मला ते कळायलाच सहा महिने लागले, आणि त्याची माफी मागायला त्याहून खूप जास्त. भेटलो तेव्हा त्याला ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. दुरुस्ती काय सुचवली होती ते दोघांनाही आठवेना. या गोष्टीची मला अजून लाज वाटते, आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

म्हणून आता समीक्षकांकडे परत वळू, कारण इथे ते तुमच्या कामाचे आहेत. सिनेमा ॲडमला फार स्वस्तात सोडतो, असं मी वर म्हटलं. हेलेनची गचांडी धरल्यावर ती काम सोडते, पण मग परत येते आणि पुढे त्याच्या प्रेमातही पडते. तिच्या लहान मुलीच्या वाढदिवसाला तो सुट्टी नाकारतो, आणि मग स्वतः केक बनवून वेळ निभावून नेतो. माफी म्हणून जे समोर बसून, डोळ्यांत बघून बोलायला हवं होतं, ते सिनेमानं गाळलं आहे. तुमच्याकडे तो प्रसंग अजून शिल्लक आहे. सिनेमानं जे केलं नाही, ते तुम्ही करा.

त्या मुलीला लिहा. मेल नको वाटला तर साधा मेसेज करा. फार लांब नको. मी लिहिलं असतं तर काहीसं असं : ‘तुझ्या शीट्समध्ये मी दाखवलेल्या चुका होत्या, पण त्या ज्या रीतीनं मी दाखवल्या ती माझी चूक होती. तुझ्या पोटात गोळा यायचा हे तू सांगितलंस, ते मला कळलं. मला माफ कर. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ यात 64 शीट्सचा उल्लेख करू नका. ‘माझ्यावरही किती दडपण होतं’ हेही नको. ते खरं असलं तरी या पत्रात त्याची जागा नाही. तिला परत बोलावू नका. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नका. आणि कृपा करून त्या चार वाक्यांचे अकरा खर्डे करू नका. मला माहीत आहे, तुम्ही करणार. दोन पुरे.

मग उरलेल्या सहा जणांचं बघू. उद्या एखादी शीट तपासताना एक करून पाहा. ज्याची शीट आहे त्याला समोर उभं न करता शेजारी खुर्ची द्या. पेन त्याच्या हातात राहू द्या. ‘या मापांची बेरीज करून बघ’ असं म्हणा आणि थांबा. बेरीज जुळत नाही हे त्याचं त्याला दिसेल. त्या आधीचे काही सेकंद तुम्हाला जड जातील. चूक तुम्हाला केव्हाच दिसलेली असेल आणि बोट शिवशिवेल. हात मांडीवर ठेवा. चूक तेवढीच पकडली जाईल, शीट तेवढीच बिनचूक जाईल, फक्त या वेळी ती दोघांनी पकडलेली असेल. घाईच्या दिवशी हे जमणार नाही. न जमल्या दिवसाचा हिशोब वहीत मांडू नका.

एक गोष्ट काळजीपोटी विचारते. ॲडमच्या त्या रात्रीच्या कोसळण्यानंतरची सकाळ पाहून तुम्हाला रडू आलं, आणि तेव्हा रात्री झोप येत नव्हती असंही लिहिलं आहे. रात्री जागून मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, अगदी पुसटसुद्धा, तर माझ्या उत्तरावर थांबू नका. घरच्या माणसाला उठवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला लवकरात लवकर भेटा. तसं काही नसेल तरी झोपेबद्दल डॉक्टरांशी बोलाच. आणि त्या रात्री जागा झालेल्या नवऱ्याला तुम्ही काय सांगितलंत, हे पत्रात नाही. ‘काही नाही, सिनेमा बघत होते’ असं सांगितलं असेल, तर आज संध्याकाळी खरं काय ते सांगा. रीस बनण्याची संधी त्यांनाही मिळायला हवी.

मैत्रिणीला मात्र सिनेमा पटवून देत बसू नका. तिला तो ठरावीक वाटला, आणि तो आहेच. कधी निवांत भेटलात तर नाश्त्याचा प्रसंग तेवढा सांगा आणि तिथे तुम्ही का रडलात ते सांगा. ऐकायची तयारी असेल तर ती सिनेमा विसरून तुमचं ऐकेल.

सिनेमाचा शेवट तुम्हाला आठवत असेल. ॲडमच्या स्वयंपाकघरात सगळी मंडळी काम सुरू होण्याआधी एकत्र जेवायला बसतात, आणि तो कधीच त्यांच्यात बसत नसतो. शेवटच्या दृश्यात तो येतो, खुर्ची ओढतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. लंडनच्या मार्कस वेअरिंग या शेफनं या सिनेमाला स्वयंपाकघरातल्या कामांबद्दल मार्गदर्शन केलं होतं, आणि त्यातले हात, सुऱ्या, आच, धावपळ सगळं खरं वाटतं. पण मला त्या सगळ्यापेक्षा ती ओढलेली खुर्ची जास्त खरी वाटली. समीक्षकांनी तिलाही ठरावीक म्हटलं असेल. असू दे.

या आठवड्यात एखाद्या दुपारी तुमचा डबा घेऊन बाकीच्यांच्या टेबलाशी जा. आधी विचारा, ‘बसू का?’ गप्पा एकदम थांबतील, कुणीतरी घाईघाईनं जागा करेल, कुणीतरी जेवण लवकर आटपेल. कामाचा विषय काढू नका, आणि शांतता झाली तर ती भरून काढायची जबाबदारी तुमची आहे असं समजू नका. जेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.